आखाजीच्या डावावर लावलेलं लिनक्स

अमेरिकेतून सुट्टीवर आलेल्या माझ्या मामेभावाने नातेवाइकांत साबण वाटले. मला साबण मिळाला नाही. ‘तू कॉम्प्युटरवाली,’ असं म्हणून त्याने मला स्वतःचा जुना पामटॉप दिला. चष्म्याच्या घरासारखा उघडायचा, आत वर राखाडी काचेची पट्टी आणि खाली वाटाण्याएवढ्या बटणांचा कीबोर्ड. त्याने नवा घेतला होता, जुना फेकायचं त्याच्या जिवावर आलं होतं, आणि साबणाची एक वडी कमी पडत होती, असा माझा अजूनही संशय आहे. माझ्या बहिणींना माझी फार कीव आली. त्यांच्या साबणांना निदान वास तरी होता.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. सोनगीरजवळ, महामार्गापासून थोडं आत आमचं गाव. मी रोज एस.टी.ने धुळ्याला जायचे आणि तिथल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचे. शिकवायचे म्हणजे काय, तर एका संगणकापुढे तिघांना बसवून त्यांची भांडणं सोडवायचे. उरलेल्या वेळात मासिकांसोबत येणाऱ्या सीडी घालून बघायचे. अशाच एका सीडीवर मला लिनक्स भेटलं, आणि मी बिघडले, असं आमच्या आईचं मत आहे.

लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली. जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिलेली आणि कुणीही फुकट घ्यावी अशी. मोठ्या संगणकांसाठीचं लिनक्स माझ्या पामटॉपमध्ये मावणं शक्यच नव्हतं. पण कुणा हौशी मंडळींनी असल्या लहानग्या यंत्रांसाठी त्याला अंगडं-टोपडं शिवलेलं होतं, आणि तेही त्या सीडीच्या एका कोपऱ्यात पडलेलं होतं. ते बघितल्यापासून मला चैन पडेना.

याच सुमाराला पुण्याच्या एका लहानशा कंपनीने मला नोकरी देऊ केली. तिथे सगळं काम लिनक्सवर चालायचं. मी आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, अगदी उत्साहाने सगळं समजावलं. नेमकी तीच चूक झाली. उत्साह दिसला की आबांना शंका यायची. बैल विकणारा जास्त बोलायला लागला की ते बाजारातून उठून यायचे.

‘मालक कोन शे त्याना?’ त्यांनी विचारलं.

‘कोन्ही नही,’ मी म्हणाले. ‘बठ्ठा शेतस.’ म्हणजे, सगळेच आहेत.

‘बठ्ठा मालक म्हंजे कोन्हीच नही. बिघडनं तं कोना दारवर जावानं?’

यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते इंटरनेटवर होतं, आणि इंटरनेट धुळ्यात होतं. मी म्हणाले की बिघडलं तर आपणच दुरुस्त करायचं. आबा हसले. ज्या वस्तूला मालक नाही, जी फुकट मिळते, तिच्या भरवशावर पोरीला परगावी धाडायचं हे त्यांना काही केल्या पटेना. लग्नाचा विषय त्यांनी काढला नाही, पण तो दाराआडच उभा आहे हे मला ठाऊक होतं. गेल्या दिवाळीत दोन स्थळं येऊन पोहे खाऊन गेली होती.

मला राग आला. मी पामटॉप त्यांच्यापुढे आपटला, म्हणजे आपटल्यासारखा हळूच ठेवला, आणि म्हणाले की हे एवढंसं यंत्रसुद्धा मी त्या बिनमालकाच्या वस्तूवर चालवून दाखवते. मग तरी धाडाल?

आबांनी पामटॉप उलटापालटा करून बघितला. ‘आखाजीले दखाड,’ ते म्हणाले. ‘पारवर. चार लोकेसना समोर. डाव मोडाना आधी चालू व्हयनं, तं जाय. एक साल.’

बाहेरच्या माणसाला हे चेष्टेवारी वाटेल. पण आमच्याकडे आखाजी हा नुसता अक्षय्य तृतीयेचा सण नाही. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, झाडांना झोके लागतात, आंब्याला त्या दिवशी पहिल्यांदा तोंड लागतं, आणि एरवी पत्त्याला हात न लावणारी भली माणसं पारावर बसून उघड उघड डाव मांडतात. कुणी काही म्हणत नाही. शिवाय शेतावर वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या सालदारांचं वर्ष आखाजीला संपतं आणि नवं ठरतं. त्या दिवशी चारचौघांसमोर दिलेला शब्द पुढल्या आखाजीपर्यंत मोडायचा नाही, असा गावाचा रिवाज आहे. आबांनी मला सालदाराच्या अटीवर पुण्याला धाडायचं कबूल केलं होतं, तेही जिंकले तर. मला ते चाललं.

त्यानंतरचे दिवस मी क्लास सुटल्यावर धुळ्यातच थांबून राहायचे. पामटॉप एका वायरीने क्लासच्या संगणकाला जोडायचा, त्यात फाइली धाडायच्या, चालू करून बघायचं, अडकला की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्यांदा तो नुसताच मख्ख बसला. नंतर एकदा त्याने काचभर भलभलती चिन्हं काढली, ती बघून क्लासचा शिपाई म्हणाला की बाई, याला दृष्ट लागली आहे. शेवटी आखाजीच्या दोन दिवस आधी तो सुरळीत चालला. काचेवर भराभर ओळी वर सरकल्या आणि खाली एक ठोकळा लुकलुकत थांबला. मी क्लासमध्ये एकटीच होते, तरी इकडेतिकडे बघून घेतलं, आणि मग टेबलाभोवती एक फेरी मारली. त्या दिवशी एस.टी.त मला उभं राहावं लागलं, पण काही वाटलं नाही.

गावी आल्यावर माझं वागणं जरा वाढलंच होतं. पामटॉप मी भिंतीतल्या देवळीत ठेवला आणि सगळ्यांना बजावलं की हात लावायचा नाही. माहेरी आलेल्या बहिणींना मी पुण्यातल्या खोलीला पडदे कोणते लावायचे ते विचारत होते. आखाजीच्या आदल्या दिवशी मी सहज म्हणाले, ‘सेल जरा उतरले आहेत, उद्यापुरते टिकले म्हणजे झालं.’ आई तिथेच पुरणासाठी डाळ निवडत बसली होती. तिने मान वर करून देवळीकडे बघितलं. तिचं ते बघणं माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आखाजीच्या सकाळी आम्ही सगळ्या झोक्यावर. मी उभ्याने झोका चढवत होते आणि बहिणी गात होत्या. घरी परतले तर देवळीतला पामटॉप मला नेहमीपेक्षा हलका वाटला. उलटा केला, तर सेलांची झाकणं उघडी आणि आत काही नाही.

‘माय, यामाना सेल कोठे गयात?’

‘ऊनमा ठेयेल शेतस,’ आई स्वयंपाकघरातून म्हणाली. ‘जरा ताकद येई त्यास्ले.’

आता यात आईचं काय चुकलं? आमच्या घरात रेडिओचे सेल, बॅटरीचे सेल, सगळे उतरले की उन्हात जायचे आणि थोडे दिवस आणखी चालायचे. वैशाखातल्या उन्हावर आमच्याकडे कुरडया वाळतात, मिरच्या वाळतात, गाद्या तापतात, त्यात सेलांनी काय घोडं मारलंय? मी गच्चीवर धावले. कुरडयांच्या शेजारी, स्वच्छ फडक्यावर, दोन्ही पेन्सिल सेल मांडलेले होते. आणि त्यांच्या पलीकडे, आंगठीच्या खड्यासारखा, बटणाएवढा तिसरा सेलही होता.

मी मटकन खाली बसले, आणि गच्ची तापलेली होती म्हणून लगेच उठले. त्या पामटॉपमध्ये आपण भरलेलं सगळं सेलांच्या जिवावर टिकायचं. पेन्सिल सेल बदलताना तो लहानगा सेल राखण करायचा, म्हणून तर तो वेगळा दिलेला होता. त्याचं झाकण उघडायला बारीक स्क्रू होता. आईने तो केसांतल्या आकड्याने काढला होता.

‘हाऊ लहाना कसाले काढा?’ मी विचारलं.

‘त्या दोन्हीस्ले ऊन दिन्हं, त्याले एकलाले काब्र सोडानं?’ ती म्हणाली. तिघांनाही सारखं, असं तिच्या घरात पहिल्यापासून चालत आलं होतं.

सेल परत घातले. पामटॉप चालू झाला, अगदी ताजातवाना, आणि आत कोरा करकरीत. कारखान्यातून निघताना होता तसा. माझं लिनक्स गेलं, माझं पुणं गेलं. मी आईवर ओरडले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण ‘तुला मुद्दाम मला इथेच ठेवायचंय’ असं एक वाक्य नक्की होतं, कारण ते ऐकल्यावर तिने हातातलं उलथणं खाली ठेवलं. खापरावरचा मांडा करपायला लागला आणि कुणी तो उचलेना.

‘परत भरता येस का नही?’ तिने विचारलं.

फ्लॉपी माझ्या पिशवीत होत्या, वायरही होती. पण क्लास सणाला बंद, मालक सहकुटुंब चाळीसगावला सासुरवाडीला गेलेला. दुसरा संगणक कुठून आणायचा? मी हे फणकाऱ्यानेच सांगितलं. आईने क्षणभर विचार केला. ‘काटावर शे ना एक,’ ती म्हणाली, आणि डब्यात सांजोऱ्या भरायला लागली.

महामार्गावर ढाब्याला लागून वजनकाटा होता. भरलेला ट्रक काट्यावर चढायचा आणि शेजारच्या खोलीतल्या संगणकात त्याचं वजन उमटायचं. तो संगणक मी एकदा दुरुस्त केला होता, म्हणजे त्यात अडकलेली फ्लॉपी चिमट्याने काढली होती. काटा चालवणारे नाना तेव्हापासून मला मान द्यायचे. मोपेडवर मी पुढे, मागे डबा मांडीवर धरून नऊवारीतली आई, अशी आमची वरात निघाली. रस्ताभर मी तिच्याशी एक शब्द बोलले नाही. ती मात्र खड्डा आला की सांगत होती.

नाना काट्यावरच होते. महामार्गाला सणबीण नसतो. मी त्यांना माझी अडचण सांगितली: तुमच्या संगणकामागे काट्याची जी वायर लागते, तिथे मला माझी वायर लावायची आहे, थोडा वेळ.

‘काट्याची वायर काढायची?’ नाना म्हणाले. ‘आणि गाड्या?’

बाहेर मिरच्यांनी भरलेला एक ट्रक उभा होताच, मागे आणखी एक येऊन लागत होता. नाना नाही म्हणायच्या बेतात होते. आईने त्यांच्यापुढे डबा उघडला. ‘भाऊ, पोरनं नुसकान मन्हा हातेघाई व्हयनं,’ ती म्हणाली. ‘तुम्ही तिले वायर द्या. गाड्यासनं मी दखस.’

आणि ती खरंच बाहेर गेली. डोक्यावर पदर घेऊन, अनोळखी पुरुषासमोर एरवी दाराच्या आड होणारी माझी आई भर उन्हात ट्रकांच्या रांगेत गेली, आणि एकेका ड्रायव्हरच्या हातात सांजोरी ठेवत चालली. तिला हिंदी येत नव्हती. ‘त्योहार है, खाव,’ एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. लांबून आलेले ते ड्रायव्हर आधी गोंधळले, मग खाली उतरून सावलीत बसले. एकाने तिला आपल्या डब्यातलं लोणचं दिलं. खिडकीतून ते बघताना माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मला तिची लाज वाटली नाही, स्वतःची वाटली, पण तेव्हा बोलायला वेळ नव्हता.

फाइली जायला लागल्या. संगणकाच्या पडद्यावर आकडा हळूहळू वाढत होता आणि मी श्वाससुद्धा बेताने घेत होते. एवढ्यात मिरच्यांच्या ट्रकने वैतागून भोंगा वाजवला, आणि नानांनी इतक्या वर्षांच्या सवयीने पुढे वाकून वजनाचं बटण दाबलं. आकडा थांबला. पडद्यावर वजन शून्य आलं.

‘अरेरे,’ नाना म्हणाले, ‘हात आपोआप गेला.’

पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला नाना स्वतःचे दोन्ही हात काखेत घालून बसले. सगळं भरून झालं, वायर काढली, काट्याची लावली, आणि मिरच्यांचं वजन झालं तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. चालू करून बघण्याचा मोह मी टाळला. सेल किती टिकतील याचा भरवसा नव्हता, आणि सणामुळे दुकानं बंद होती.

पारावर डाव रंगात आला होता. कडुलिंबाखाली गोणपाट, त्यावर आबा आणि त्यांची मंडळी. बायका तिथे जात नाहीत. मी गेले, आणि आई माझ्या मागे दहा पावलांवर, देवळाच्या कोपऱ्याशी थांबली. आबांनी पत्त्यांवरून डोळे काढले नाहीत. ‘ऊनी का?’ म्हणजे आलीस का, एवढंच म्हणाले. पानं चांगली आलेली असावीत.

मी पामटॉप गोणपाटावर ठेवला आणि बटण दाबलं. एकदम सगळ्यांची डोकी आत आली, इतकी, की मला काच दिसेना. उन्हात ठेवलेल्या त्याच सेलांवर तो जागा झाला. ओळी सरकायला लागल्या. एका ठिकाणी थबकला. मग त्याने गिळल्यासारखं केलं आणि पुढे निघाला. शेवटी ओळी संपल्या आणि खाली ठोकळा लुकलुकू लागला.

‘आते?’ एकाने विचारलं.

‘आते व्हयनं,’ मी म्हणाले. ‘चालू शे.’

मंडळींची निराशा झाली. चित्र नाही, गाणं नाही, नुसती पाटी. एक काका म्हणाले की यापेक्षा त्यांच्या जावयाचं घड्याळ बरं, त्यात कोंबडा आरवतो. डाव पुढे चालू करायला कुणीतरी पानं पिसायला घेतली. पण आबा वाकून काचेकडे बघत होते.

‘काय इचारी ऱ्हायनं ते?’

‘नाव.’

‘कोनं?’

‘जो वापरस त्यानं. मन्हं.’

‘मंग लिख.’

मी लिहिलं. इंग्रजीत, सगळी लहान अक्षरं. आबांना इंग्रजी अक्षरं तुटक तुटक लागायची. त्यांनी बोट काचेजवळ नेऊन एकेक अक्षर जुळवलं. बोट शेवटच्या अक्षराशी थांबलं.

‘पुरं नाव लिख.’

‘एवढंच लागस आबा.’

‘आनि बापनं?’

‘त्याले आठे जागा नही.’

मी हे सहज बोलले. मला जिंकायची घाई होती. पण आबा तसेच वाकलेले राहिले. माझ्या शाळेच्या दाखल्यापासून मतदार यादीपर्यंत माझ्या नावाच्या मध्ये ते होते. त्यांच्याशिवाय मी कुठे लिहिलेली त्यांनी पाहिलीच नव्हती. ‘आबा, तुम्ही तं बाहेर गयात,’ काका म्हणाले आणि मंडळी हसली. आबाही हसले, जरा उशिराने. मग त्यांनी हातातली पानं उपडी ठेवली.

‘चालू व्हयनं,’ ते सगळ्यांना म्हणाले. ‘पोर पुण्याले जाई. एक साल.’

देवळाच्या कोपऱ्याशी आईने पदर तोंडाला लावला. घरी जाताना मी तिला म्हणाले की सेल उन्हातच ठेवायला हवे होते, नाहीतर डाव निम्म्यावर राहिला असता. ती म्हणाली, मला माहीत होतं.

पुण्याच्या त्या कंपनीत पहिल्या दिवशी यंत्रं सांभाळणाऱ्या माणसाने संगणकावर माझं खातं उघडायला घेतलं. काय नाव टाकू, त्याने विचारलं. सगळे नुसतं पहिलं नाव टाकतात, तो म्हणाला, लहान असलेलं बरं. माझ्या तोंडावर हो आलं होतं. मग मी त्याला म्हणाले की पहिल्या नावानंतर वडिलांचं एक अक्षर घाला, त्यानंतर आडनावाचं. तो म्हणाला, त्या मधल्या अक्षराची काही गरज नाही. मी त्याच्याशी वाद घातला. नोकरीचा पहिला दिवस, आणि मी एका अक्षरासाठी भांडत होते. शेवटी त्याने ते घातलं.

रविवारी मी बूथवरून गावातल्या किराणा दुकानात फोन लावला. आबांना बोलावून आणलं. खोली बरी आहे, पाणी येतं, जेवते वेळेवर, हे सगळं सांगून झाल्यावर मी त्यांना त्या नावाचं सांगितलं.

‘एकच अक्षर?’ त्यांनी विचारलं.

‘एकच बसस आबा. पन मधमा शे.’

 

‘मधमा शे ना,’ आबा म्हणाले. ‘मंग साल मोजू नको. तुले जवलग ऱ्हावानं तवलग ऱ्हाय तठे.’

आणि त्यांनी फोन ठेवला. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि मला आनंदही झाला. पण मी बूथमध्ये रिसीव्हर हातात धरून रडत उभी राहिले, आणि बाहेर रांगेतला माणूस काच वाजवत राहिला.